पँथरचा उजवा फायनल ड्राइव्ह: कामाच्या नोंदी

२ जून २०२४

खोकं आलं एकदाचं. दुकानदाराने तीनदा "उद्या नक्की" सांगून झुलवलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या पँथर या जर्मन रणगाड्याचं जोडायचं मॉडेल, आउसफ्युरुंग (म्हणजे आवृत्ती) डी, प्रमाण १:३५. झाकणावरचं चित्र ठरलेलंच: धुरळा उडवत, तोफेतून आग ओकत सुसाट निघालेला रणगाडा.

मला तसा करायचा नाही. मला बंद पडलेला पँथर करायचा आहे. जुलै १९४३, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईची दक्षिण बाजू. उजवीकडचं दातेरी चाक उतरवलेलं, त्यामागची गिअरची पेटी, म्हणजे फायनल ड्राइव्ह, उघडी, आणि शेजारी कोपरापर्यंत काळे झालेले मेकॅनिक. भोसरीत गिअर शॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. लोक रणगाड्याचं वाचतात ते तोफ आणि चिलखत म्हणून. माझी नजर आधी गिअरबॉक्सवर जाते, त्याला इलाज नाही.

"डी" हे पहिलं मॉडेल. त्यानंतर "ए" आलं, आणि मग "जी". बालवाडीच्या बाईंनी कान धरला असता.

५ जून

बांधायला घेण्याआधी उजळणी.

२२ जून १९४१ला जर्मनांनी सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा त्यांच्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा सरस रणगाडा समोरच्याकडे असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. टी-३४चं उतरतं चिलखत, रुंद ट्रॅक आणि डिझेल इंजिन बघून त्यांची तारांबळ उडाली. ऑक्टोबरात म्त्सेन्स्कजवळ ४थ्या पँझर डिव्हिजनला चांगलाच मार बसला. रणगाड्यांचा जर्मन सेनापती गुडेरियनने चौकशीची मागणी लावून धरली, आणि नोव्हेंबरात तज्ज्ञांची समिती आघाडीवर जाऊन पकडलेले टी-३४ बघून आली.

मग दोन कंपन्यांना काम मिळालं, डाइमलर-बेन्झ आणि एमएएन. ३० टनांच्या वर्गातला रणगाडा हवा होता. डाइमलरचा नमुना टी-३४चा सख्खा भाऊ वाटावा असा: डिझेल इंजिन, ओढणारं चाक मागे. एमएएनचा जर्मन वळणाचा: मायबाखचं पेट्रोल इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे, चाकांना टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या. मे १९४२मध्ये एमएएनची निवड झाली. एक कारण अगदी घरगुती होतं. राइनमेटालचा तोफबुरूज तयार होता आणि तो एमएएनच्या सांगाड्यावर बसत होता.

जानेवारी १९४३मध्ये पहिले पँथर कारखान्यातून बाहेर पडले. समिती टी-३४ बघून आल्यापासून चौदा महिने. नवीन स्कूटरला याहून जास्त वेळ लागतो.

९ जून

सांगाडा चिकटवला. हातात कॅलिपर असला की मला मोजल्याशिवाय राहवत नाही.

पुढची तिरपी पाटी खऱ्या रणगाड्यात ८० मिलिमीटर. पस्तीसने भागलं की २.३. खालच्या बाजूच्या उभ्या भिंती ४० मिलिमीटर, म्हणजे १.१. पुढच्या छताचं पोलाद १६ मिलिमीटर, म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. तिन्ही जाडीचे प्लास्टिक शीटचे तुकडे कापून टेबलावर मांडले आणि बोटाने वाकवून बघितले. पुढचा हलला नाही. बाजूचा वाकला. छताचा पोस्टकार्डासारखा लवला. पँथरची अर्धी कुंडली या तीन तुकड्यांत आहे.

पुढची पाटी नुसती ८० नव्हे, उभ्यापासून ५५ अंश मागे झुकलेली. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्यातून जवळजवळ १४० मिलिमीटर पोलाद कापावं लागतं. पण मूळ आराखड्यात ही पाटी ६० मिलिमीटरची होती. हिटलरने जाड करायला लावली. मग बाकीचंही वाढत गेलं, आणि ३० टनांचा म्हणून आखलेला रणगाडा ४३ टनांवर गेला. पुढचे ए आणि जी तर ४५ टनांच्या घरात.

इंजिन बदललं. पहिल्या अडीचशे गाड्यांत २१ लिटरचं मायबाख होतं, नंतर २३ लिटरचं आलं, ७०० अश्वशक्तीचं. मधलं जे ताकद वाहून नेतं, त्याचा मात्र कोणी विचार केला नाही.

१६ जून

आमच्या जुन्या फोरमनसाहेबांकडे गेलो होतो. आता पंचाहत्तरी उलटली, पण जॉब हातात आला की डोळे तसेच बारीक होतात. उघड्या फायनल ड्राइव्हचा फोटो छापून नेला होता.

इथे थोडं सांगून ठेवतो. गिअरबॉक्सकडून आलेला फेरा वेगात असतो, पण त्यात जोर कमी. ट्रॅक ओढणाऱ्या चाकाजवळ शेवटच्या गिअरच्या जोड्या असतात. त्या वेग उतरवतात आणि जोर वाढवतात. तोच फायनल ड्राइव्ह. गाडीचं सगळं वजन, चढ, चिखल, वळताना लागणारा झटका, सगळं शेवटी याच दात्यांवर येतं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाशी धरला.

"अरे, हे स्पर आहेत?"

"हो साहेब. दोन्ही टप्पे सरळ दात्यांचे."

"वजन किती म्हणालास?"

"त्रेचाळीस टन. पुढे पंचेचाळीस."

"आणि इंजिन?"

"सातशे घोडे."

फोटो परत माझ्या हातात दिला. "मग तक्रार कसली करतोस? तुटणारच."

चहा आला, आणि दुसरा प्रश्न आला, मला अपेक्षित होता तोच: "प्लॅनेटरी का नाही घातला?"

आराखडा करणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. प्लॅनेटरीत मधल्या गिअरभोवती छोटे गिअर बसतात, ओझं त्या तीन-चारांत वाटलं जातं, जागाही कमी लागते. पण त्याला आतून दाते असलेलं कडं लागतं. बाहेरचे दाते हॉबिंगवर, म्हणजे हॉब नावाच्या फिरत्या कटरने, भराभर निघतात. कड्याच्या आत हॉब जात नाही, तिथे शेपर लागतो, आणि तो आपल्या चालीने एकेक दाता कोरत बसतो. हजारो रणगाड्यांना पुरतील एवढ्या मशीन जर्मनीत मोकळ्या नव्हत्या. म्हणून सरळ दात्यांवर भागवलं.

साहेब हसले. "मशीन नाही म्हणून ड्रॉइंग बदला" हे वाक्य आम्ही दोघांनी आयुष्यात किती वेळा ऐकलंय त्याचा हिशेब नाही. फक्त आमच्याकडे त्याने एखादा पंप बाद व्हायचा.

शर्मन या अमेरिकन रणगाड्याच्या फायनल ड्राइव्हचाही फोटो दाखवला. अमेरिकनांनी हेरिंगबोन दाते घातलेत, बाणाच्या टोकांसारखे. सरळ दात्यात एका वेळी एखाददुसऱ्या दात्यावरच ओझं असतं. तिरक्या दात्यात ते वाटलं जातं. हेरिंगबोनमध्ये शिवाय बाजूला ढकलणारा जोर परस्पर कटतो. महागाचं काम. साहेब त्या फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत बसले. "हे बघ, हे काम आहे," एवढंच म्हणाले.

२३ जून

आज डोक्याला ताप.

पँथरची चाकं एकमेकांच्या फटीत शिरलेली असतात. एका बाजूला आठ आस, प्रत्येक आसावर चाकाच्या तबकड्यांची जोडी, आणि शेजारच्या जोड्या एकमेकींवर चढलेल्या. चाकाचा व्यास ८६० मिलिमीटर, माझ्याकडे साडेचोवीस. वजन छान पसरतं, दुहेरी टॉर्शन बारमुळे गाडी रानातूनही झुलत जाते. त्या काळात इतक्या जड रणगाड्याला याहून चांगली चाल नव्हती, हे त्यांचं श्रेय द्यायलाच हवं.

मी डावी बाजू लावली, गोंद सुकवला, चहा घेतला, आणि मग लक्षात आलं की आतल्या रांगेतलं तिसरं चाक उलटं बसलंय. बोल्टची बाजू आत गेली होती. एकच चाक. पण ते काढायचं तर त्याच्यावर चढलेली बाहेरची दोन आधी काढायला हवीत, आणि ती काढताना एकाचा आस मोडला. तीन तास गेले.

खऱ्या मेकॅनिकची हीच गत होती. आतल्या चाकाचा रबर फाटला की आधी ट्रॅक सोडा, मग वरची धडधाकट चाकं उतरवा. तेही जॅक लावून, चिखलात, आणि पँथरचं चाक उचलायला दोन गडी लागणार. थंडीत चाकांच्या फटींत चिखल गोठून बसायचा, ती कटकट वेगळी. मी निदान गॅलरीत, पंख्याखाली बसलो होतो.

ही आतून विचारून गेली, "कुणाशी बोलताय?"

३० जून

पाऊस. गॅलरीतलं सामान आत घेतलं. ट्रॅकच्या कड्या जोडायला सुरुवात. एका बाजूला ८६. आज एकतीस झाल्या. पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

७ जुलै

परवा, ५ जुलैला, कुर्स्कच्या लढाईला एक्क्याऐंशी वर्षं झाली. या प्रसंगाच्या आकड्यांवर आज दिवस घालवला आणि माझ्याच एका लाडक्या समजुतीला तडा गेला.

आधी हकिगत. हिटलरने ही मोहीम मे महिन्यापासून पुढे ढकलत आणली, त्याचं एक मोठं कारण नवे पँथर. वसंतात कारखान्यातून आलेल्या गाड्यांत इतके दोष निघाले की त्या बर्लिनजवळ फाल्कनझेला परत नेऊन दुरुस्त कराव्या लागल्या. त्या दुरुस्तीत सरावाचे महिने गेले. ५१ आणि ५२ क्रमांकाच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ९६, वर मुख्यालयाच्या ८. एकूण २००. रेजिमेंटचा प्रमुख मेजर फॉन लाउखर्ट, आणि काम ग्रोसडॉइचलान्ड डिव्हिजनच्या जोडीने. आगगाडीतून उतरले ते हल्ल्याच्या तोंडावर. स्टेशनवरून आघाडीकडे जातानाच दोन पँथर पेटून खाक झाले. शत्रूचा एक गोळाही न लागता. इंजिनच्या खोलीत पेट्रोल गळायचं, आणि ती खोली पाण्यातून जाता यावं म्हणून बंदिस्त केलेली. गरम हवा कुठे जाणार?

पहिल्याच दिवशी चेरकास्कोये गावापुढे सुरुंग आणि चिखलाची घळ. अर्धी मिरवणूक तिथेच अडकली.

आता १० जुलैच्या संध्याकाळचा हिशेब, गुडेरियनच्या अहवालातला. आघाडीवर चालू स्थितीत १०. कायमचे गेलेले २५. दुरुस्तीला आलेले १००. दुरुस्त होऊन परत निघालेले सुमारे ४०. अजून रानातून ओढून आणायचे राहिलेले सुमारे २५. ताळा करून बघितला: बरोबर २००. दुसऱ्या दिवशी चालू ३८, गेलेले ३१, दुरुस्तीला १३१. पुन्हा २००. स्टोअरकीपर चांगला होता म्हणायचा.

माझी समजूत कुठे तडकली, तर त्या शंभरात. मी इतकी वर्षं मित्रांना सांगत आलो की कुर्स्कला पँथर आपल्याच गिअरांनी मारला. त्या शंभरपैकी ५६ गोळ्यांनी आणि सुरुंगांनी जायबंदी झालेले होते. यंत्र बिघडलेले ४४, आणि त्यांतले साठ टक्के तर सहज दुरुस्त होण्यासारखे. कायम गेलेल्या २५पैकी २३ गोळे खाऊन जळालेले. म्हणजे सुरुंग पेरणाऱ्या आणि टँकविरोधी तोफांवर बसलेल्या सोव्हिएत सैनिकाचं श्रेय मी माझ्या धंद्याच्या प्रेमापोटी एका गिअरला देत होतो.

तरीही ४४ थोडे नाहीत. पाच दिवसांत, दोनशेतले.

आणि बंद पडलेल्या गाडीचं पुढे काय, हा प्रश्न उरतोच. ओढायला होतं ते १८ टनी अर्धट्रॅक वाहन, पुढे चाकं आणि मागे ट्रॅक असलेलं. एका पँथरला अशी दोन लागत, जमीन वाईट असेल तर तीन. माघार सुरू झाली की ज्याला ओढायला कोणी नाही तो स्वतःच्या हाताने उडवायचा. गिअरचा एक दाता तुटला म्हणून अख्खा रणगाडा गेला, असं होतं ते असं. तुटण्याच्या जागेपासून वर्कशॉप किती लांब, यावर सगळं.

देखावा बदलत नाही. फायनल ड्राइव्हच उघडायचा आहे.

१४ जुलै

गाढवपणा. शुक्रवार-शनिवार दोन रात्री बसून बुरुजावर पुट्टीचा खडबडीत थर चढवला, चमच्याच्या कडेने रेघा मारल्या. झिमेरिट. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांना द्यायचे तो लेप. अगदी हुबेहूब जमला होता.

सकाळी दात घासताना आठवलं की झिमेरिट कारखान्यात लागायला लागला सप्टेंबर १९४३पासून. माझा पँथर जुलैचा.

खरवडून काढला. बुरुजाच्या डाव्या बाजूची गोल झडप थोडी खरचटली. राहू दे, रणगाडा आहे.

कुर्स्कच्या गाड्यांना बाजूने ५ मिलिमीटरचे पत्रे होते, ते मात्र लावायचे. त्या ४० मिलिमीटरच्या उभ्या भिंतीला सोव्हिएत टँकविरोधी रायफलची गोळीही जवळून धोक्याची होती. त्रेचाळीस टनांचा रणगाडा आणि खांद्यावरच्या रायफलची धास्ती.

४ ऑगस्ट

रविवार, जुना बाजार. मोडक्या गजराच्या घड्याळाची चार यंत्रं घासाघीस करून घेतली. विकणारा म्हणाला, "घड्याळ दुरुस्त होणार नाही काका, आधीच सांगतो." म्हटलं, मला ते उघडायचंच आहे.

एक चाक बरोब्बर मापाचं निघालं. पितळी, सरळ दाते. फोटोशी ताडून बघितलं, मोठ्या गिअरला चालेल. पिनियनसाठी दुसऱ्या यंत्रातला बारीक दांडा.

आता एक कबुली, ज्याला कळेल त्याच्यासाठी. घड्याळाचे दाते सायक्लॉइडल घाटाचे, रणगाड्याचे इन्व्हॉल्युट. पस्तीस पट लहान केल्यावर कोण बघतंय. पण मला माहीत आहे.

एक दाता कानसीने मुळाशी तोडला. दोन शेजारचे नुसते कोपऱ्यात झिजवले, कारण दाता एकटा कधी जात नाही. तो तुटायच्या आधी पेटीच्या भिंतीने लवून दोन गिअरांची रेष चुकलेली असते. मग जोर दात्याच्या पूर्ण रुंदीवर न पडता एका कोपऱ्यावर पडतो. शॉपमध्ये आम्ही निळा रंग लावून कुठे घासतंय ते बघायचो. कडेलाच डाग दिसला की समजायचं, हा जॉब परत येणार.

१७ ऑगस्ट

नगरला जाऊन आलो. अहमदनगरचं रणगाडा संग्रहालय, लष्कराचं. पँथर तिथे नाही, हे माहीत असूनच गेलो. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, आणि १९६५चे पाकिस्तानकडून मिळवलेले पॅटन. फोटोवरून चिलखत कळत नाही, कडेला हात लावून उभं राहावं लागतं. पावसात भिजलेल्या पोलादाला एक वास येतो, तोही कुठल्या खोक्यात मिळत नाही.

तासभर फक्त मागूनच बघत हिंडलो. ओढणारं चाक या चौघांचं मागे. इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, फायनल ड्राइव्ह मागे. पँथरचं आणि शर्मनचं पुढे. त्यामुळे इंजिनपासून एक लांब दांडा सगळ्या माणसांच्या पायांखालून पुढे न्यावा लागतो, तळ उंच होतो, गाडी उंच होते. पँथरची उंची तीन मीटरच्या जवळ गेली. आणि गिअरबॉक्स काढायचा तर चालकाच्या डोक्यावरचं छत बोल्ट सोडून उचला, मग क्रेनने तो वर घ्या.

येताना गाडीचा मीटर बघत होतो. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने पन्नासेक पँथर काही वर्षं वापरले. त्यांच्या १९४७च्या अहवालात फायनल ड्राइव्हचं सरासरी आयुष्य दिलंय: १५० किलोमीटर. त्यांच्याकडचे सुटे भाग जुने, हाती लागतील तसे, हे धरूनही. पुण्याहून नगर साधारण १२०. म्हणजे पँथर जाईल. येताना शिरूरच्या आधी कुठेतरी जॅक लावून बसावं लागेल.

२५ ऑगस्ट

रंगाचा विचका. दमट हवेत एअरब्रश मारला आणि पिवळ्यावर पांढरी साय धरली. पुन्हा प्रायमर. ड्रायर मारत बसलो.

रंग डुन्केलगेल्ब, मळकट पिवळा. फेब्रुवारी १९४३पासून कारखान्यातून रणगाडे याच रंगात यायला लागले, त्याआधी राखाडी. वर हिरव्या-तपकिरी पट्ट्या तुकडीवाले स्वतः मारायचे, त्यामुळे दोन गाड्या कधीच सारख्या नाहीत. डिकलच्या (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या) पानावर जबडा वासलेल्या पँथरचं डोकं आहे, बुरुजावर लावायचं. दिसतं झकास. अर्धा तास हातात धरून बसलो.

लावलं नाही. हे यंत्र कशासाठी आणि कोणाच्या हातांनी बनलं ते विसरायला हे चित्र फार मदत करतं. एमएएन, डाइमलर-बेन्झच्या कारखान्यांत जुलमाने आणलेले परदेशी मजूर राबत होते. मी ज्या दात्यांबद्दल इतक्या प्रेमाने लिहितोय, त्यातल्या कशाकशावर त्यांचे हात लागले असतील. नुसता गाडीचा नंबर आणि क्रॉस ठेवला. नंबरही अर्धा धुळीखाली.

८ सप्टेंबर

कालपासून गणपती. टेबल मखराच्या सामानाला गेलं, पँथर कपाटावर. काम बंद.

भाचा आला होता, बारावीतला. स्टूलवर चढून रणगाडा खाली काढला, तोफेला धरून. (तोफेला धरू नये, हे तीनदा सांगितलं.)

"मामा, हा बेस्ट होता ना? सगळीकडे तसंच लिहिलंय."

"समोरून बघितलास तर हो."

मग मोदक खाताखाता पुढचं सांगितलं. १९४४पर्यंत इंजिनाच्या आगी बऱ्याच आटोक्यात आल्या, फेरे कमी करून इंजिनाची दमछाकही कमी केली. तोफ ७५ मिलिमीटरचीच, पण नळी व्यासाच्या सत्तर पट लांब. गोळा सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगाने निघायचा. शर्मनला तो लांबूनच भेदायचा, आणि साध्या शर्मनचा गोळा पँथरच्या पुढच्या पाटीवरून घरंगळून जायचा. नॉर्मंडीत दोस्तांच्या मनात याची धास्ती होती ती खोटी नव्हती.

"मग?"

"मग नॉर्मंडीतलंच नोरे. ९ जून १९४४. बारा पँथर गावाकडे निघाले, कॅनेडियन शर्मन फायरफ्लायना, म्हणजे जास्त ताकदीच्या तोफेच्या शर्मनना, बाजू दाखवत. काही मिनिटांत सात गेले."

त्याने माझा पँथर फिरवून बाजूने बघितला. पुन्हा तोफेला धरून.

सप्टेंबर १९४४चं फ्रान्समधलं आराकूरही सांगितलं. कोरे करकरीत पँथर, पण नवखे लोक, दाट धुकं, पुढे टेहळणी नाही. अमेरिकन ४थ्या आर्मर्ड डिव्हिजनच्या शर्मननी धुक्यातून जवळ येऊन झोडपले. लांब पल्ल्याच्या तोफेला धुक्यात काय किंमत. आणि एकूण बनले सुमारे सहा हजार, तर शर्मन जवळजवळ पन्नास हजार. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे स्पेअर पार्ट्स." पोरगं घरचं आहे.

इटलीत तर काही पँथरचे नुसते बुरूजच जमिनीत बसवले होते, हिटलर लाइन आणि गॉथिक लाइन या जर्मन बचावफळ्यांवर. ज्या इटलीत आपल्या मराठा पलटणी लढल्या, तिथलीच ही गोष्ट. गिअर नाही, इंजिन नाही, ट्रॅक नाही. तुटण्यासारखं काही ठेवलंच नाही. साहेबांना सांगायला हवं, खूश होतील.

५ ऑक्टोबर

तळपाटी. मातीत खडूची पूड आणि कॉफीचा चोथा मिसळला. युक्रेन-रशियाकडची काळी माती कॉफीने चांगली जमते. घराला दोन दिवस हॉटेलासारखा वास.

तीन अर्धट्रॅक घ्यायला ना जागा ना पैसे. म्हणून ओढण्याचा देखावा सोडून वर्कशॉप कंपनीचा मुक्काम करतोय. पितळी तारेची दोन पायांची क्रेन वाकवली. खरी उचलयंत्रं १६ टन पेलायची. माझी घड्याळाचं चाक पेलते. पँथरचाच सांगाडा वापरून केलेला ओढणारा बेर्गेपँथर यापुढे हळूहळू हाताशी यायला लागला. जुलै १९४३च्या या माणसांना त्याचा उपयोग नव्हता.

माणसं तीन. एक पेटीत हात घालून, एक जॅकवर. तिसऱ्याच्या हातात काय द्यावं यावर आठवडा गेला. शेवटी त्याच्या तळहातावर तुटलेला दाता ठेवला. पितळेचा कण, अर्धा मिलिमीटर. चिमट्यातून दोनदा उडाला. दुसऱ्यांदा हिच्या चपलेला चिकटलेला सापडला.

१२ ऑक्टोबर

दसरा. चिमटे, कानशी, चाकू, कॅलिपर पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. जुना हॉब ठेवला, निवृत्तीच्या दिवशी शॉपवाल्यांनी दिलेला. पँथर पाटावर ठेवला नाही. तो बाजूच्या टेबलावर होता.

संध्याकाळी साहेब सोनं द्यायला आले. चष्मा कपाळावर, नाक पेटीशी. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तेल कुठाय?"

"म्हणजे?"

"पेटी उघडलीस. तेल गळायला नको? खाली माती कोरडी आहे."

बरोबर आहे. उद्या डांबरी रंग पातळ करून पेटीखाली ओघळ आणि मातीत डाग. शिवाय डाव्या ट्रॅकच्या पाच कड्या अजून बसायच्या आहेत.